शालूताईची रोही आणि माझी मेथी

नमस्कार. तो कूलर कोणी जरा बंद करता का? उकडेल थोडं, मला माहीत आहे, पण माझा आवाज लहान आहे आणि आज तो मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. हं. झालं.

इथं जमलेले शालूताईचे सगे-सोयरे, वाचनालयाचे अध्यक्ष सर, शाळेतल्या तिच्या मैत्रिणी, तिच्याजवळ चित्रकला शिकलेली आणि आता स्वतःच केस पिकलेली मुलं-मुली, काटोलहून सकाळच्या बसनं आलेले तिचे भाऊ, आणि तिची लेक मीनल, बाई माझी. तुम्ही एवढे जण या उन्हात आलात. ती असती तर आधी चिडली असती. म्हणाली असती, काहून आले एवढ्या तापत्या उन्हात, अक्कल आहे का नाही? आणि मग आत जाऊन सगळ्यांसाठी पन्हं केलं असतं.

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी मघाशी चिठ्ठी पाठवली. आयुष्यात कधी भाषण केलं नाही हो मी. हे टेबल धरून उभी आहे. मी कुंदा. शालूताईची शेजारीण. नंदनवनात तिच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे. मी साड्यांना फॉल-पिको करते, आणि शालूताईच्या कागदाच्या जनावरांसाठी सोळा वर्षं वाटण वाटलं. एवढीच माझी ओळख.

आणि एक सांगते. सगळे तिला 'शालिनीताई', 'त्या' म्हणून राहिले. मला ते जमणार नाही. जिवंतपणी मी तिला अगं-तुगं केलं, आता ती गेली म्हणून अहो-जाहो करू काय?

मी उभी काहून राहिली, ते आधी सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाटायला नको की ही बाई नुसती रडायला आली. या हॉलच्या मागे टिनाची शेड आहे. त्या शेडमध्ये शालूताईची चौतीस जनावरं ठेवली आहेत. परवा रविवारी ती शेड पाडायची आहे, तिथं गाड्या ठेवायला जागा करायची आहे. आणि जनावरं कचऱ्याच्या गाडीत जाणार आहेत, कारण त्यांना कीड आहे असं सगळ्यांना वाटतं. मीनललाही तेच सांगितलं गेलं, आणि ती बिचारी हो म्हणाली. पोरीला काय माहीत? तिला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही.

त्यांना कीड नाही. हे मला सांगायचं आहे. आणि ते सांगायचं तर मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी तेरा वर्षं कोणाला सांगितली नाही. आमच्या ह्यांनाही नाही. ते तिथं बसले आहेत. ते पण आत्ताच ऐकतील.

मघाशी अध्यक्ष सर फार छान बोलले. सर, तुमच्यासारखं बोलता मला सात जन्मात येणार नाही. पण तुम्ही म्हणालात की शालिनीताईंनी कागद हे माध्यम निवडलं, कारण त्यांना नाशवंत गोष्टींचं सौंदर्य कळलं होतं. काही टिकत नाही, हे त्यांनी स्वीकारलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. सर, माफ करा, पण तिनं स्वीकारलं-बिकारलं काही नव्हतं. तिला टिकायला हवं होतं. तिची जनावरं शंभर वर्षं टिकायला हवी होती तिला. त्यासाठीच तर मेथी.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी लहानपणी आईला पाहिलं असेल. जुनी टोपली, सूप, त्याला कागदाचा लगदा लिंपायचा. कागद तीन दिवस भिजत घालायचा, वाटायचा, त्यात मुलतानी माती, थोडी कणकेची खळ, आणि भिजवून वाटलेली मेथी. मेथी काहून? कारण कागद आणि खळ म्हणजे किड्यांचं जेवण. मेथीनं ते कडू होतं. किडा तोंड लावत नाही. मेथी असली की आजीची टोपली नातीच्या लग्नापर्यंत जाते. शालूताई त्याच लगद्याची जनावरं करायची. आत बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, आणि पायांसाठी गांधीबागेतून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, ज्यावर कापडाचे ठाण गुंडाळलेले असतात. आमचे हे तिथं कापड दुकानात होते. संध्याकाळी सायकलला नळ्या बांधून आणायचे. रस्त्यात लोक विचारायचे, काय भाऊ, तोफ नेऊन राहिले का?

ती शाळेत शिकवायला जायची, मी घरी. म्हणून कागद फाडणं, भिजवणं आणि वाटणं माझ्याकडे आलं. तिनं सांगितलं नाही, मी मागितलं नाही, आपोआपच आलं. आधी पाट्यावर वाटायची मी, नंतर मिक्सर घेतला. माझं वाटण लोण्यासारखं बारीक असायचं, हे मी माझ्या तोंडानं सांगते. माझ्या हातच्या पोळ्या सोळा वर्षं कडू लागल्या या माणसाला. एकदा बोलले नाहीत.

आणि ती काय करायची? पाहायची. आधी नुसती पाहायची. तिनं म्हैस करायची ठरवली तर आमच्या मागच्या तबेल्यात स्टूल घेऊन आठ दिवस बसली. तबेल्यावाल्याला वाटलं बाई कॉर्पोरेशनची आहे, तबेला उठवायला आली. तो रोज तिला दूध पाजायचा. नवव्या दिवशी तिनं सांगितलं की मी चित्रं काढणारी आहे, तर तो म्हणाला, मग आठ दिवसांचं दूध फुकटच गेलं नं. खार केली, घोरपड केली, नाल्याकाठची गाढवं केली, गच्चीवर लोणच्याची बरणी फोडणारं वानर केलं. वाघ मात्र तिनं केला नाही. नागपुरात राहून वाघ नाही? सगळे मागायचे. ती म्हणायची, मी वाघ पाहिलाच कुठं, जीपमधून त्याचं ढुंगण दिसलं फक्त. जे पाहिलं नाही ते कसं करू?

ती जनावरं तिनं या वाचनालयाला दिली. मुलांच्या विभागात पुस्तकांच्या कपाटांवर बसायची ती. आणि मग वाचनालयानं तिला म्हटलं, आता एक मोठं करा. मुलांना टेकून बसता येईल असं. तर तिनं रोही करायची ठरवली. रोही म्हणजे नीलगाय. काटोलच्या त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात यायच्या. भाऊ, तुम्हाला आठवतं का, तुम्ही किती चिडला होता? म्हणाला होता, रोपं मोडून टाकते ती, आम्ही तिला हाकलून हाकलून दमलो अन् तू तिची मूर्ती करून राहिली. ती हसली आणि रोहीच करायला घेतली. बसलेली मादी, पोटाशी पिल्लासाठी जागा. एक कान पुढे, एक कान मागे. मी विचारलं, दोन्ही कान सारखे काहून नाही? तर म्हणाली, आई बसली तरी तिचा एक कान मागंच असते वं.

तिच्या हॉलमध्ये ती रोही केली. खऱ्याएवढी. दारातून निघणार नाही हे आमच्या लक्षातच आलं नाही, दोघी शहाण्या. शेवटी दाराची चौकट काढावी लागली.

पण ते नंतरचं. आधीचं सांगायचं आहे. आता मी मुद्द्यावर येते, आणि मला पाणी द्या कोणीतरी.

पाय झाले होते. मान झाली होती, डोकं झालं होतं. पोट राहिलं होतं, आणि पोटालाच सगळ्यात जास्त लगदा लागणार होता. त्या दिवशी वाचनालयाची मंडळी काम पाहायला आली. सर, तुम्ही होता. तुम्हाला आठवणार नाही, आठवण्यासारखं काही नव्हतंच. मी एका कोपऱ्यात बसून कागद फाडून राहिली होती. माझे हात कोपरापर्यंत लगद्यात. तुम्ही ताईला विचारलं, या कोण? आणि ताई म्हणाली, "शेजारी आहेत. थोडी मदत करतात."

थोडी.

सोळा वर्षं. थोडी. मी उठली, हात धुतले, तुम्हा सगळ्यांसाठी चहा केला, कारण तिच्या घरात साखर कुठं असते हे तिच्यापेक्षा मलाच जास्त माहीत होतं. आणि घरी आली.  पण आत असं काही पेटलं की सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाचं काय? खरं आहे. आज मलाही तेच वाटतं. ती स्वतःच्या कामालाही तेच म्हणायची, काही नाही हो, असंच थोडंसं करते. बाहेरच्या माणसांसमोर तिला स्वतःचं मोठं बोलता यायचं नाही आणि आपल्या माणसाचंही नाही. हे मला कळायला पाहिजे होतं. सोळा वर्षं शेजारी राहून मला ते कळलं नाही, त्या दिवशी तर नाहीच.

माझ्याकडे मेथी भिजत घातलेली होती. पातेलंभर. पोटासाठी. सकाळी उठली, पाहिलं तर टम्म फुगली होती. बाजूला कागद भिजून तयार. मी कागद वाटला. माती घातली, खळ घातली. मेथीचं पातेलं समोर होतं. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. तेरा वर्षं मी स्वतःला सांगत आली की मी विसरली. घाई होती, साड्या द्यायच्या होत्या, विसरली. आज तुमच्यासमोर सांगते, मी विसरली नव्हती. मी त्या मेथीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, थोडी मदत करते नं मी? तर घे थोडी.

आणि मी ती मेथी फडक्यात बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी मोड आले. मी तिची उसळ केली.

हसू येतं ऐकून, मला माहीत आहे. मलाही येतं कधीकधी, आणि मग दिवसभर जेवण जात नाही.

त्यातली एक वाटी मी शालूताईला नेऊन दिली. ती पोटाचा थर लावून राहिली होती. माझाच लगदा, बिनमेथीचा. तिनं कधी माझं वाटण तपासलं नाही हो. एकदाही नाही. तिनं हात धुतले, पाटावर बसली आणि उसळ खाल्ली. गूळ किती घातला ते विचारलं. मी समोर बसून पाहत होती. तेव्हाही सांगता आलं असतं. पोट ओलं होतं, खरवडून पुन्हा लावता आलं असतं. एका दिवसाचं काम होतं. मी वाटी घेऊन घरी आली.

रोही वाचनालयात आली. तुमच्या मुलांचे फोटो असतील तिच्यासोबत. मुलं तिच्या पोटाला टेकून गोष्टींची पुस्तकं वाचायची. मी पण यायची मुद्दाम, पाहायला. मला वाटायला लागलं होतं की काही होत नाही. मेथी नसली तरी काही होत नाही, उगाच जुन्या बायकांचं खूळ आहे. असं वाटलं की बरं वाटायचं.

दुसरा पावसाळा गेला आणि एक दिवस एक लहान मुलगी टेकली, तर पोट आत गेलं. मुलीला काही झालं नाही, देवाची कृपा. पण आतून भुसा पडला. पीठ झालं होतं सगळं, आणि त्यात बारीक बारीक किडे.

आम्हाला निरोप आला. मी ताईसोबत आली. इथंच, त्या खिडकीजवळ होती रोही. सगळी कमिटी उभी होती. ताई खाली बसली. तिनं तो भुसा चिमटीत घेतला, वास घेतला, आणि जिभेला लावला. मग मानेचा एक टवका काढला, तो जिभेला लावला. मान शाबूत होती. पाय शाबूत होते. फक्त पोट गेलं होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

उठली आणि तुम्हाला म्हणाली, "चूक माझी आहे. माझंच मिश्रण बिघडलं."

सर, मी तुम्हाला दोष देत नाही. इथं जुने ग्रंथ आहेत, पोथ्या आहेत. कीड पुस्तकांत गेली असती तर? तुम्ही विचारलं, बाकीच्यांचंही असंच होईल का? ती म्हणाली, नाही होणार. तुम्ही विचारलं, कशावरून? आणि त्यावर ती काही बोलली नाही. तिला उत्तर माहीत होतं. उत्तर तिच्या बाजूला उभं होतं, हातात पर्स धरून. पण उत्तर द्यायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

माझं एक वाक्य पुरलं असतं. फक्त पोटातच मेथी नव्हती, बाकी सगळ्यांत आहे. एवढंच. ती चौतीस जनावरं कपाटांवर राहिली असती. ती आणखी मोठी जनावरं करू शकली असती. एक वाक्य मला बोलता आलं नाही. कारण मग सगळ्यांनी विचारलं असतं, पोटात काहून नव्हती?

रोही मागच्या अंगणात नेऊन जाळली. ताई शेवटपर्यंत उभी होती. मी पण उभी होती. बाकीची जनावरं शेडमध्ये टाकून कुलूप लावलं.

आम्ही दोघी पायी घरी आलो.  आमच्या दारापाशी आलो, मी फाटक उघडून राहिली होती, तेव्हा ती म्हणाली, "उसळ चांगली झाली होती वं कुंदा, त्या दिवशी."

आणि आत गेली.

म्हणजे तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं. एवढंच ती बोलली. त्यानंतर अकरा वर्षांत त्यावर एक शब्द नाही. तुम्हाला वाटेल, किती मोठ्या मनाची बाई. हो, होती. पण मला आज हेही सांगू द्या की मला तिचा राग यायचा. तिनं मला बोलायला पाहिजे होतं. चार शिव्या द्यायच्या, दारातून हाकलायचं. माझ्या झिंज्या धरायच्या. ती तसं काही करत नव्हती. ती चार वाजता चहाला यायची, जशी आधी यायची तशीच. माझ्या साड्यांचे रंग पाहायची, मीनलचं पत्र आलं की वाचून दाखवायची, नंतर फोन आला की स्पीकरवर लावायची. आमचे हे आजारी होते तेव्हा डबा घेऊन दवाखान्यात तीच बसली. सगळं तसंच होतं. एक सोडून. वाटण तिनं पुन्हा माझ्याकडे दिलं नाही.

मोठं काम तिनं नंतर केलं नाही. लहान लहान करायची, हातभर, वीतभर. कोणाच्या नातवाला, कोणाच्या वाढदिवसाला. आणि मेथी स्वतः वाटायची. सकाळी आठ वाजता भिंतीपलीकडे तिचा मिक्सर सुरू व्हायचा. मी इकडे मशीनवर बसलेली असायची. तिच्या मनगटात किती दुखायचं, माहीत आहे नं मीनल तुला? भांड्याचं झाकण घट्ट बसायचं नाही तिच्या हातानं. मिक्सर थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. मी ऐकत बसायची. दहा पावलं होती मध्ये. दहा पावलं जाऊन, आण ताई मी वाटते, एवढं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. कारण ती नाही म्हणाली असती तर? आणि हो म्हणाली असती तर त्याहून वाईट.

आता या वेळेस ती दवाखान्यात होती. शेवटचे दिवस आहेत हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मीनल तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, ताई, मले तुले एक सांगायचं आहे. तिनं डोळे उघडले. मला वाटलं, आता सांगते. तोंड उघडलं आणि काय निघालं? "मोसंबीचा रस आणू का थोडा?" इतकी भित्री बाई आहे मी. ती हसली थोडी. नको म्हणाली. मग म्हणाली, "शेड पाडून राहिले म्हणे. त्या जनावरांकडे पाहशील?"

मी म्हटलं, पाहीन.

तू हो म्हटलं आणि खरं केलं असं एक तरी दाखव, असं मन मला म्हणून राहिलं होतं. चार दिवसांनी ती गेली.

तेराव्यापर्यंत मी काही केलं नाही. मागच्या मंगळवारी मी ग्रंथपालांकडून शेडची चावी घेतली. म्हटलं, ताईची एक वस्तू राहिली आहे. आत गेली. धूळ काय, कोळिष्टकं काय. पत्र्यातून पाणी गळून रंग ओघळले आहेत. म्हशीचं एक शिंग मोडलं आहे, ते मी चिकटवून देईन. वानराच्या शेपटीवर उंदरांनी दात मारून पाहिले आणि सोडून दिलं. मी एकेक उचललं, उलटं केलं, पोटाखालून नखानं चिमूटभर खरवडलं आणि जिभेला लावलं. खारीपासून सुरुवात केली. चौतीसच्या चौतीस. मला दुपार झाली. सगळी कडू आहेत हो. अकरा वर्षं बंद शेडमध्ये, ओलीत, आणि एकाला कीड नाही. ते माझं वाटण आहे. मी वाटलेली मेथी आहे ती. मला तिथं खाली बसून रडू आलं, आणि तोंड इतकं कडू झालं होतं की रडताही नीट येईना.

तर सर, तुम्ही मघाशी जे बोललात ते बदला. हात जोडते. शोकसभेचा वृत्तांत लिहिला जाईल, त्यात लिहा की शालिनीताईंचं मिश्रण कधी बिघडलं नव्हतं. ते मी बिघडवलं. माझं नाव लिहा, पूर्ण लिहा. आणि तुमचा विश्वास नसेल तर शेड उघडी आहे, चावी माझ्या पर्समध्ये आहे. जा, आणि कोणतंही जनावर घेऊन जिभेला लावून पाहा. मग ठरवा, रविवारी गाडी बोलवायची की ती पुन्हा कपाटांवर बसवायची. मुलांच्या हाताला लागतील अशी बसवा. तिला तेच हवं होतं.

आमच्या कॉलनीतल्या बाया उद्यापासून माझ्याशी कशा बोलतील मला माहीत नाही. साड्या येतील की नाही तेही माहीत नाही. बघू. मी आता सत्तरीला आली, मला काय कोणाच्या सोयरिकी करायच्या आहेत?

मीनल, तू माझ्याकडे पाहत नाहीस. बरोबर आहे तुझं. तू लहान होतीस तेव्हापासून मला मावशी म्हणतेस, आणि मी तुझ्या आईचं नाव अकरा वर्षं खाली पडू दिलं. तुझ्या आईनं मला जाब विचारला नाही. तू विचार. आज नाही तर उद्या विचार, फोनवर विचार, पण विचार. तिच्यासारखी गप्प बसू नकोस. तुझं बोलणं मी सहन करू शकेन, पण तसली शांतता पुन्हा नाही सहन होणार मला.

झालं माझं. आता सगळ्यांनी जागेवर उभं राहू या. तिच्यासाठी दोन मिनिटं. तुम्ही शांत राहा, डोळे मिटा, तिला आठवा. मी काही शांत राहणार नाही. मी तिच्या फोटोकडे तोंड करून उभी राहते, आणि जे दवाखान्यात तोंडातून निघालं नाही ते तिला सांगते. माझा आवाज आला तर राग मानू नका.

उठा.

शालूताई, ऐक. पोटाच्या लगद्यात मी मेथी घातली नव्हती वं.